नंबर एक्केचाळीसचं पाणी

मडक्याच्या पोटावर एक पांढरी रेघ होती, आणि ती तिरपी होती.

भगवंतरावांनी बोटं आडवी लावून मोजलं. एका अंगाला रेघ गळ्यापासून चार बोटं खाली, दुसऱ्या अंगाला सात. रेघेच्या खाली मडक्यावर पिठासारखा थर फुटला होता. वरची माती तांबडी आणि स्वच्छ होती. कचेरीतल्या ज्या तिवईवर मडकं नऊ दिवस ठेवलेलं होतं ती त्यांनी हलवून पाहिली. तिवई पक्की होती, सरळ होती.

"भगवंतराव, मडक्यावर काय बघता? आतलं पाणी चाखा," साहेब म्हणाले. साहेबांचं मराठी पुस्तकातून शिकलेलं होतं. राग आला की ते जास्तच शुद्ध होई.

भगवंतरावांनी ओंजळभर पाणी घेतलं. पाणी गोडं होतं.

खांबाजवळ उभ्या असलेल्या बाईकडे सगळ्यांच्या नजरा वळल्या. ती मात्र मडक्याकडे बघत होती.

सन १८६४ चा मार्गशीर्ष चालू होता. अमेरिकेतल्या लढाईमुळे तिकडचा कापूस विलायतेला मिळेनासा झाला होता आणि वऱ्हाडातल्या काळ्या जमिनीला कधी नव्हे तो भाव आला होता. त्यातच सरकारची पैमाश, म्हणजे जमिनीची मोजणी, चालली होती. शेताशेताला नंबर लागत होता, प्रत ठरत होती आणि प्रतीप्रमाणे शेतसारा. तेल्हाऱ्याच्या बाजूला दापुरखेड नावाचं लहानसं गाव आहे. तिथल्या नंबर एक्केचाळीसच्या शेऱ्यात पैमाशीच्या कारकुनानं लिहिलं होतं, 'विहीर आहे. पाणी चाखून पाहिले. गोडे.' एवढ्या तीन वाक्यांनी ते शेत बागायत झालं आणि सारा तिप्पट झाला.

शेत खांबाजवळच्या त्या बाईचं, मैनाबाईचं. नवरा जाऊन सहा वर्षं झालेली, मूल नाही. तिनं लेखी अपील केलं होतं. विहीर खारी आहे, तिच्या पाण्यावर मिरचीचं रोपही जगत नाही, शेत जिरायत धरावं. अपील चौदा महिने पडून राहिलं. आधी साहेब दौऱ्यावर होते, मग रजेवर गेले, मग नवे साहेब आले. शेवटी हुकूम निघाला की पाटलानं पंचांसमक्ष विहिरीचं पाणी कोऱ्या मडक्यात गळ्यापर्यंत भरावं, तोंड फडक्यानं बांधून लाखेची मोहर करावी आणि मडकं अकोल्याला पाठवावं. एकवीस दिवसांपूर्वी मडकं भरलं. आज साहेबांनी मोहर स्वतः तपासली. ती अखंड होती. मग त्यांनी चाकूनं दोरी कापली आणि पहिला घोट स्वतः घेतला.

"पुंजाराम पाटील, मोहर तुमचीच?"

"मायीच हाय हुजूर. नांगराचा छाप. मी सोता लावली."

"पाणी भरताना चाखलं होतं?"

"चाखलं नं. जहर होतं. तोंडात धरवत नव्हतं."

"मग आज गोड कसं?"

पाटील पागोटं सावरत म्हणाले, "मले काई समजून नाही राह्यलं, हुजूर."

मैनाबाईचा चुलतदीर खुशालराव पुढे आला. गाडीतून मडकं त्यानंच आणलं होतं. त्याचे डोळे भरले होते. "हुजूर, वैनी अडाणी हाय. तिले माफी करा. खटला नका करू. शेत सोडून देईल ती, राजीनामा लिहून देईल. मी समजावतो तिले."

"राजीनामा?" मैनाबाई पहिल्यांदा बोलली. "मंग मी जाऊ कुठी, भाऊजी?"

खुशालरावानं खाली पाहिलं.

"सोमवारी निकाल," साहेब म्हणाले. "अपील फेटाळलं जाईल. खोट्या पुराव्याचं काय करायचं तेही सोमवारीच."

भगवंतराव अपिलांचे कारकून होते. अर्ज वाचून दाखवायचे आणि निकाल लिहून घ्यायचे, हे त्यांचं काम. मधे बोलायचं काम त्यांचं नव्हतं. तरी ते बोलले.

"हुजूर, निकालात मडक्याचं वर्णन लिहावं लागेल. सोमवारपर्यंत मडकं माझ्या ताब्यात असावं."

साहेबांनी त्यांच्याकडे जरा वेळ पाहिलं. "असू द्या. पण वर्णन एका ओळीत बसलं पाहिजे."

*

कचेरी उठल्यावर भगवंतरावांनी मडक्याचं तोंड बांधलेलं फडकं खिडकीपाशी नेलं. दोरीची गाठ आणि तिच्यावरची लाख जशीच्या तशी होती. पण फडक्यावर दोरीचे वळ दोन होते. एक खोल, काळपट. दुसरा त्याच्यापासून बोटभर वर, पुसट.

मग त्यांनी मडक्यातलं पाणी तांब्यानं मोजून घंगाळात काढलं. सोळा तांबे निघाले. रिकामं मडकं कचेरीच्या विहिरीच्या पाण्यानं गळ्यापर्यंत भरलं, तेव्हा सव्वीस तांबे मावले. भरलेलं मडकं त्यांनी पुन्हा त्याच कोपऱ्यात, त्याच तिवईवर ठेवलं.

पुंजाराम पाटील दारात उभे राहून हे सगळं पाहत होते. "भगवंतराव, मडक्याची सोयरीक जमवून राह्यले का? उंची पाह्यली, पोट मोजलं. आता गोत इचारा."

"तेच विचारणार आहे," भगवंतराव म्हणाले. "पाटील, फडकं बांधायला दोरी कोणती घेतली?"

"अंबाडीची. मोटेवर पडेल होती."

"कोरडी होती?"

"विहिरीवर कोरडं काय राह्यते? ओलीच होती. ओली दोरी चांगली आवयते."

"आणि लाख?"

"गाठीवर. गाठ सोडता येऊ नाही म्हणून."

"मडक्याला लाख लावली नाही?"

"कोऱ्या ओल्या मडक्याले लाख धरते का? कारकुनी लोकाईले काई समजत नाही बाप्पा." पाटील हसत निघून गेले.

भगवंतराव हसले नाहीत. ते एका खोलीत एकटे राहत. मूळचे अमरावतीचे. बायको सत्यभामा दोन वर्षांपूर्वी पटकीच्या साथीत गेली आणि त्यांनी बदली मागून घेतली होती. रोज शेकडो माणसं त्यांच्यापुढे कागद धरून उभी राहत. त्यांच्या घरी मात्र कोणी येत नसे. त्यांचा स्वयंपाक तेच करत. कचेरीच्या विहिरीच्या पाण्यात तुरीची डाळ काही केल्या शिजत नाही, हे त्यांना पहिल्याच आठवड्यात कळलं होतं.

त्या संध्याकाळी त्यांनी डाळ मडक्यातून घंगाळात काढलेल्या पाण्यात चढवली. दोन भाकरी होईपर्यंत डाळीचं मेण झालं. ती खाताना त्यांना इतकं चांगलं वाटलं की क्षणभर ते समोरच्या रिकाम्या पाटाकडे बघून काहीतरी बोलणार होते.

*

शुक्रवारी त्यांनी मडक्यात तांब्यानं पाणी घातलं. एक तांब्या घातला आणि ते पुन्हा गळ्याला आलं. कोरं मडकं रोज एक तांब्या पाणी पीत होतं.

मैनाबाई धर्मशाळेच्या ओट्यावर बसली होती. भगवंतराव तिच्यासमोर पायरीवर टेकले आणि कचेरीतली भाषा बाजूला ठेवून आपल्या घरच्या बोलीत बोलू लागले.

"बाई, पैमाशीवाला आला तवा तुमी घरीच होत्या?"

"होती नं. दुसरं कोण राह्यते घरी?"

"त्यानं विहीर पाह्यली?"

"वाकून पाह्यली. मंग वसरीत येऊन बसला. ऊन लय होतं. मी गूळ देल्ला, तांब्याभर पाणी देल्लं. त्यानं आणखी मांगतलं, आणखी देल्लं."

"काय बोलला तो?"

"चांगलं हाय म्हणे पाणी. लय बरा माणूस होता. घटकाभर बसला. मायं माहेर कुठचं ते इचारलं." तिनं ओट्यावरचं कसपट उचललं. "असं कोणी इचारत नाही बाप्पा. दिस दिस बोलाले माणूस भेटत नाही. मी तं बैलासंगं बोलतो."

"मंग तुमीच सांगतलं नाही त्याले, विहीर खारी हाय म्हणून?"

"त्यानं इचारलंच नाही. अन् आल्याबरोबर कोणी आपल्या घरचं वंगाळ सांगते का?"

"अपिलाचा अर्ज कोणाकून लिहून घेतला?"

"भाऊजीनं लिहून आणला. मी अंगठा देल्ला. तवापासून सारं तेच पाहून राह्यले. त्याईच्याबिगर मले कोण हाय?" तिनं पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळलं. "मालकानं ते शेत हातानं साफ केलं होतं. धुऱ्यावर त्याईची समाधी हाय. शेत गेलं तं मले तठी पाय ठेवाले बी दुसऱ्याले इचारा लागेल."

 भगवंतराव उठले.

खुशालराव बाजारात सरकीच्या पोत्यांवर बसलेला सापडला.

"गाडी कुठं मोडली, खुशालराव?"

"पूर्णेच्या काठी, गोदामावशीच्या दारात. आस तुटला."

"दुरुस्तीले नऊ दिवस?"

"सुतार भेटतीन तं! सारे रेलच्या कामावर गेले. शेवटी एक बुढा भेटला, त्याचे हातच हालून राह्यले होते."

"तोवर मडकं?"

"गाडीतच, कडब्यात. मी हात लावला नाही अन् मावशीलेही लावू देल्ला नाही. मोहर पाह्यली नं साहेबानं?"

"पाह्यली. गाडी कोणत्या अंगाले कलली होती?"

"डाव्या." खुशालराव गोंधळला. "काहून?"

"वर्णनात लिहायचं आहे," भगवंतराव म्हणाले.

*

शनिवारी उजाडताच ते भाड्याच्या तट्टावर निघाले. आठ कोसांची वाट. कापसाच्या गाड्यांची रांग अकोल्याकडे येत होती आणि ते एकटेच उलट्या दिशेला जात होते. दुपारी पूर्णा दिसली.

गोदाबाई नदीच्या चढावर एकटी राहणारी म्हातारी. कचेरीतला माणूस आला म्हणून ती घाबरली नाही. तिला माणूस आल्याचाच आनंद झाला. तिनं घोंगडी टाकली, गूळ आणला, पितळी तांब्या भरून पुढे ठेवला.

"गोडं आहे पाणी," भगवंतराव म्हणाले.

"नदीचं हाय नं! विहिरीचं खारं हाय, ते भांड्यापुरतं. पाहुण्याले खारं पाजतीन का कोणी आमच्या भागात? घरात तोंड धुवाले पाणी नसलं तरी पाहुण्याचा माठ भरेल राह्यते. मी तं सोता खारंच पेतो."

भगवंतरावांनी तोंडाशी नेलेला तांब्या तसाच धरून ठेवला. मग हळूच खाली ठेवला.

"काहून? कचरा हाय का?"

"नाही, बाई. पाणी लय चांगलं हाय."

अंगणात कोथिंबिरीचे तीन वाफे होते. दोन हिरवेगार होते. तिसऱ्याच्या मधोमध परातीएवढा भाग जळाल्यासारखा झाला होता.

"याले काय झालं?"

"काय सांगू! खुशालची करामत. नऊ दिवस राह्यला बिचारा, गाडी मोडली होती त्याची. मले बरं वाटलं, घरात माणूस होतं. जायच्या दिवशी सकायी म्हणे, मावशी, दोन घागरी नदीचं पाणी दे, बैल धुतो. मी म्हतलं, लेका, नदी ईस पावलावर हाय, बैलच ने नं तिकडं! तं हसला. घागरी घेऊन गाडीत चढला. बैल काई ओले दिसले नाही मले. अन् मागून पाहतो तं माया सांभाराच्या वाफ्यात काय ओतून गेला देवाले ठाऊक. तवापासून जयला तो वाफा."

"गाडीत मडकं होतं, त्याचं काई बोलला?"

"इचारलं मी. तूप हाय म्हणे, साहेबाले. हात नको लावू."

भगवंतराव वाफ्याशी बसले. जळालेल्या मातीवर पांढरट पापुद्रा धरला होता. त्यांनी चिमूटभर जिभेवर ठेवला आणि लगेच थुंकले.

निघताना गोदाबाई दारापर्यंत आली. "घरी कोणी वाट पाहून राह्यलं का तुमची?"

"नाही."

"मंग राहा नं आजचा दिस. भाजी टाकतो."

त्यांना राहावंसं वाटलं. पण सोमवारला एकच दिवस उरला होता.

रविवारी कचेरी बंद होती. त्यांनी चावी मागून घेतली आणि तालुक्याचं एक बोचकं सोडलं. त्यात सुटणाऱ्या शेतांसाठी लोकांनी आगाऊ दिलेले अर्ज होते. कोणी शेताचा राजीनामा दिला की ज्याचा अर्ज आधीच्या तारखेचा, त्याला ते शेत मिळे. त्यामुळे कापसाच्या या दिवसांत अर्जांचा ढीग लागला होता. राजीनामे आल्याशिवाय हे बोचकं कोणी उघडत नसे. शंभरेक कागदांनंतर दापुरखेडचा एक निघाला. भगवंतरावांनी तो दोनदा वाचला, तारीख पाहिली, आणि अंगरख्याच्या आत ठेवला.

*

सोमवारी साहेबांनी टाक हातात घेतला. "वर्णन एका ओळीत लिहिलं का?"

"नाही, हुजूर. बसत नाही."

"का?"

"मडकं खोटं बोलत नाही, पण त्याला सांगायचं पुष्कळ आहे. परवानगी असेल तर मी वाचतो."

साहेबांनी टाक खाली ठेवला. मैनाबाई खांबाजवळ होती, पाटील आणि खुशालराव समोर. भगवंतरावांना भरल्या कचेरीत स्वतःचं म्हणणं मांडायची सवय नव्हती. त्यांनी मडक्यावर हात ठेवला. तेवढा आधार पुरला.

"ही पांढरी रेघ बघा. कोऱ्या मडक्यातून पाणी पाझरतं आणि बाहेर वाळतं. पाण्यात खार असला की तो मडक्यावर उरतो. म्हणजे या मडक्यात खारं पाणी होतं, आणि एखादा दिवस नव्हे, चांगलं आठ-नऊ दिवस. पंचांनी खारंच पाणी भरलं होतं."

"मग ते कचेरीत कोणी बदललं, असं तुमचं म्हणणं?"

"नाही. कचेरीत मडकं सरळ होतं. रेघ तिरपी आहे. ज्या जागी हा खार फुटला, ती जागा कललेली होती. खुशालराव, गाडी डाव्या अंगाला कलली होती, असं तुम्हीच सांगितलं."

"सांगतलं. मंग त्यात काय?" खुशालराव म्हणाला. "मोडेल गाडी कलतेच."

"म्हणजे पूर्णेच्या काठी नऊ दिवस मडक्यात खारंच पाणी होतं. आता पाण्याचं माप. मडकं रोज एक तांब्या पाणी पितं. मी मोजलं आहे. मडकं मावतं सव्वीस तांब्यांचं. मोहर तोडली तेव्हा आत सोळा होते. दहा कमी. पण मडकं भरून तर एकवीस दिवस झाले होते, हुजूर. एकवीस तांबे जायला हवे होते."

साहेबांनी कागदावर आकडे मांडले. "म्हणजे मोहर तोडण्याआधी दहा दिवस कोणीतरी ते पुन्हा गळ्यापर्यंत भरलं."

"होय. कचेरीत ते नऊ दिवस होतं. त्याच्या आदल्या दिवशी सकाळी गाडी पूर्णेवरून निघाली. कचेरीतल्या कोणी बदललं असतं तर आवारातल्या विहिरीचं पाणी घातलं असतं. त्या पाण्यात डाळ शिजत नाही. मडक्यातल्या पाण्यात शिजली. ते नदीचं आहे."

"अन् मोहर?" खुशालराव ओरडला. "मोहर काय हवेत उडाली? साहेबानं सोता पाह्यली!"

"मोहर गाठीवर होती. मडक्यावर नव्हती. अंबाडीची दोरी ओली असली की आखडते, वाळली की सैल पडते. पाटलांनी ती ओली बांधली. नऊ दिवसांत ती वाळली. मग गाठ सोडायची गरज काय? गाठ, लाख, फडकं, सगळं टोपीसारखं काढता येतं. पाणी बदलायचं, टोपी पुन्हा चढवायची, दोरीवर पाणी शिंपडायचं. ती पुन्हा आवळते. फक्त पहिल्या जागी बसत नाही. फडक्यावर दोरीचे दोन वळ आहेत. बघा."

पुंजाराम पाटलांनी पुढे होऊन फडकं हातात घेतलं. बराच वेळ बघितलं. "बाप्पा," ते हळूच म्हणाले, "म्याच बांधली होती."

"गोदाबाईंनी त्या सकाळी खुशालरावांना दोन घागरी नदीचं पाणी दिलं. बैल धुवायला म्हणून. बैल कोरडेच राहिले. त्यांच्या कोथिंबिरीचा एक वाफा जळून गेला आहे आणि मातीवर खार आहे. मी चाखला."

 खुशालरावानं एकाएकी हात जोडले. "हो हुजूर, मीच बदललं. पण कपट नाही माया मनात! साहेबासमोर खारं पाणी कसं ठेवावं? आमच्याकडं ते लाजीरवाणं हाय. मी अडाणी माणूस, मले वाटलं साहेब पिणार हाय. इचारा कोणालेही!"

कचेरीत कुजबुज झाली. पाटलांनीही मान डोलावली. पूर्णेच्या खोऱ्यातल्या कोणत्याही माणसाला ते खरं वाटलं असतं.

"मलाही तसं वाटलं असतं," भगवंतराव म्हणाले. त्यांनी अंगरख्यातून कागद काढला. "पण हा तुमचा अर्ज आहे. मडकं कचेरीत दिलंत त्याच दिवशी दिलेला. वाचतो. 'मौजे दापुरखेड नंबर एक्केचाळीस, मैनाबाई हिने राजीनामा दिल्यावर मला मिळावा. सदर नंबरातील विहिरीचे पाणी खारे व निरुपयोगी आहे, सबब शेत जिरायत धरून सारा आकारावा.'"

त्यांनी कागद साहेबांपुढे ठेवला.

"त्या दिवशी मोहर तुटलेली नव्हती. राजीनाम्याचा शब्द मैनाबाईंच्या तोंडून कधी आला नव्हता. तो येणार हे तुम्हाला आधीच कसं कळलं? आणि खारं पाणी जर अडाणीपणानं बदललं, तर स्वतःच्या अर्जात ते खारं आहे हे इतकं ठासून कसं लिहिलं? तुम्हाला शेत हवं होतं, पण बागायतीचा सारा नको होता. दुसऱ्या कोणाचा अर्ज आधी येईल या घाईत तुम्ही दोन्ही गोष्टी एका कागदावर लिहून दिल्या."

 मैनाबाई खुशालरावाकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. घरातलं शेवटचं माणूसही उठून गेल्यावर चेहरा जसा दिसतो, तसा तो दिसत होता.

"भाऊजी," ती म्हणाली, "मले मांगतलं असतं तं मी अर्धं पेरू देल्लं असतं."

साहेबांनी शिपायाला खूण केली. खुशालरावाला बाहेर नेलं.

"एक गोष्ट राहिली," साहेब म्हणाले. "पैमाशीच्या कारकुनानं 'चाखून पाहिले, गोडे' असं लिहिलं. त्यालाही खुशालरावानंच फसवलं?"

"नाही, हुजूर. त्याला कोणीच फसवलं नाही. तो उन्हातून येऊन या बाईंच्या ओसरीत बसला. बाईंनी त्याला पाणी दिलं. त्या भागात पाहुण्याला खारं पाणी देत नाहीत. त्याच्यासाठी लांबून आणलेल्या पाण्याचा माठ वेगळा भरून ठेवतात. त्याला वाटलं, विहीर पाहिली, पाणी समोर आलं, ते विहिरीचंच. त्यानं चाखलं आणि लिहिलं."

मैनाबाईला ते समजायला जरा वेळ लागला.

"म्हंजे माया हातानं झालं?" तिचा आवाज बारीक झाला. "दीड कोसावरच्या झिऱ्याचं पाणी होतं ते. डोक्यावर आणेल. मंग काय करा लागत होतं मी? पाहुण्याले खारं पाजाले पाह्यजे होतं?"

 पाटलांनी मान फिरवली. साहेबांनी टाक उचलला आणि बराच वेळ लिहीत राहिले. मग कागद भगवंतरावांकडे सरकवला.

"चौदा महिने झाले," ते म्हणाले. "तुम्हीच वाचा. मोठ्यानं, आणि त्यांना समजेल असं."

भगवंतरावांनी आजवर हजार निकाल वाचले होते, मान खाली घालून, एका सुरात. त्यांनी कागद पाहिला आणि मग बाजूला ठेवला. ते खांबाजवळ गेले आणि बाईंच्या समोर उभे राहिले.

"मैनाबाई, तुमचं अपील मंजूर झालं. विहीर खारी धरली, शेत जिरायत धरलं, वाढवलेला सारा रद्द केला. राजीनामा द्यायचा नाही. नंबर एक्केचाळीस तुमच्याच नावावर राहील."